पाऊणकी आणि समुद्र

आमच्या गावाहून अलिबागचा समुद्र एस.टी.ने अर्ध्या तासावर आहे. आम्ही घरचे सगळेजण वर्षातून सहा-सात वेळा तरी तिथे जातो. आजी, आजोबा, आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ पाच वर्षांचा आहे. बाई मला म्हणाल्या, "तू भित्तिपत्रकात समुद्रावर लिही. पण सूर्य मावळताना किती छान दिसतो एवढंच लिहू नकोस. तुला जे येतं ते लिही." मला भरती-ओहोटीची वेळ काढता येते. म्हणून मी ते लिहिते.

अलिबागची वाळू काळसर आणि घट्ट आहे. उतार कमी आहे, म्हणून ओहोटीला पाणी खूप लांब जाते आणि ओली वाळू मैदानासारखी पसरते. समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी असते, तेव्हा होडीने जावे लागते. ओहोटीला चालत जाता येते, घोडागाडीही जाते. म्हणजे एकच जागा सकाळी रस्ता आणि दुपारी समुद्र! मी लहान होते तेव्हा मला वाटायचे की किल्ल्यातले कोणीतरी पाणी सोडते आणि बंद करते, आपल्या नळासारखे.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला आणि तो संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांकडे होता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. तटाचे मोठे दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे मला अजून खरे वाटत नाही.

गेल्या माघी चतुर्थीला आम्ही देवळात गेलो होतो. आदल्या रात्री आजोबांनी भिंतीवरचे कॅलेंडर बघितले आणि म्हणाले, "साडेआठला किनाऱ्यावर पोचायचं." मी विचारले, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "पाऊणकी येते का?" आम्हाला शाळेत पाव, अर्धा, पाऊण शिकवले आहे, पण पाऊणकी पाढ्यासारखी पाठ नाही. आजोबांनी धडाधड म्हणून दाखवली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. मग म्हणाले, "थांब. उद्या चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती आणि दुपारी तीनला भरती. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पहाटेच्या तीनात सहा मिळव."

मी म्हटले, "नऊ!"

मग मला उमजले की महिन्यातल्या दोन्ही चतुर्थींना सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असते. गणपतीच्या तिथीलाच गणपतीकडे जायची वाट मोकळी होते. आजी म्हणाली की ही देवाची सोय आहे. आजोबा म्हणाले की चंद्राची आहे. दोघांचे थोडा वेळ वाजले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला गेलो तेव्हा पाणी अजून मागे सरकतच होते. आजीच्या पावलाने आम्ही हळूहळू गेलो. पाय फक्त घोट्यापर्यंत भिजले. दर्शन घेऊन लगेच निघालो. भावाला तिथल्या गाड्यांवरच्या तोफांवर बसायचे होते म्हणून तो रडला, पण आजोबा थांबले नाहीत. म्हणाले, "पाणी मागे जाताना आत जायचं, आणि ते पुढे यायला लागायच्या आत बाहेर पडायचं." हे मी ऐकले, पण वहीत लिहिले नाही. वहीत मी फक्त पाऊणकी लिहिली.

मला तो हिशेब इतका आवडला की मी प्रत्येक सणाची वेळ काढत सुटले. होळीला पौर्णिमा असते. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. आणि खरेच, होळीच्या दिवशी संध्याकाळी गेलो तर किनारा इतका रुंद होता की मुलांचे क्रिकेटचे चार डाव एकाच वेळी चालू होते आणि कोणाचाच चेंडू पाण्यात जात नव्हता. ओल्या वाळूवर बारीक खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडून ठेवतात, रांगोळीसारख्या. भाऊ त्या मोडतो. मी मोडू देत नाही. थंडीत कुरव पक्षी येतात, त्यांतले थोडे तेव्हाही होते. मे महिन्यात मात्र दुपारी वाळू तव्यासारखी तापते आणि गर्दीही फार, म्हणून आम्ही उन्हे उतरल्यावरच जातो.

यंदा शाळा सुरू झाल्यावर मी बाईंना विचारले की रोज पाऊण तासच उशीर का होतो. बाईंनी आम्हाला पटांगणात नेले. मी पृथ्वी झाले आणि माझी मैत्रीण चंद्र झाली. मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. पण तेवढ्या वेळात ती माझ्याभोवती चार पावले पुढे गेली होती. तिच्यासमोर पुन्हा यायला मला आणखी थोडे वळावे लागले. ते थोडे वळणे म्हणजेच तो उशीर. चंद्र समुद्राचे पाणी आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला पाणी फुगते, आणि बरोबर उलट्या बाजूलाही फुगते. म्हणून दिवसातून साधारण दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात.

बाईंनी माझ्या हिशेबातली एक चूकही दाखवली. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकून परत तिथेच यायला पाहिजे. पण पंधरा पाऊण सव्वाअकराच होतात. बाराला पाऊण तास कमी! एका तिथीला ४५ नाही, ४८ मिनिटे धरली तर पंधरा तिथींचे बरोबर बारा तास होतात. पण ४८ चा पाढा बोलायला अवघड, म्हणून जुन्या माणसांनी पाऊण धरला असेल. बाबांच्या मोबाईलवर भरतीच्या वेळा दिसतात. त्यांच्याशी मी ताळा केला, तर कधी पाव तासाचा, कधी पाऊण तासाचा फरक येतो. म्हणून आजोबा नेहमी आधीच पोचतात.

पावसाळ्यात आम्ही वाळूवर उतरत नाही. बांधाजवळ उभे राहून लांबूनच बघतो. पाणी गढूळ असते. मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि किनारा अरुंद होतो. पावसाळा संपला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते, म्हणून होड्या वर ओढून झाकून ठेवतात. त्या दिवसांत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला दुपारची भरती फार मोठी असते. मुंबईला पाणी साडेचार मीटरच्या वर चढणार म्हणून बातम्यांत सांगतात ती हीच. थंडीत उलटे होते. मोठी भरती मध्यरात्री येते आणि दुपारची लहान असते. हे बाईंनी सांगितले, मला माहीत नव्हते.

आमचा गणपती दीड दिवसाचा असतो. तो पंचमीला जातो. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती, आणि आम्ही पाच वाजता गेलो तेव्हा पाणी जवळच होते. मूर्ती घेऊन लांब चालावे लागले नाही. माझा हिशेब बरोबर आला म्हणून बाबांनी सगळ्यांना सांगितले. तेव्हापासून मला थोडा गर्व झाला होता.

आता दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मामा, मामी आणि मामेबहीण पुण्याहून आले होते. त्यांना किल्ला बघायचा होता. आजोबा गुडघा दुखतो म्हणून घरीच राहिले आणि आजीही त्यांच्याजवळ राहिली. मामाने विचारले, "ओहोटी कधी?" मी कॅलेंडर बघितले. कार्तिक शुद्ध अष्टमी. आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. मी म्हटले, "बाराला. आणि संध्याकाळी सहाला भरती. म्हणजे तीन वाजता पाणी निम्मंच भरेल. तीनपर्यंत काही काळजी नाही." मामा म्हणाला, "वा, हुशार आहेस की!"

आम्ही बाराला पोचलो. पण वाळू माघी चतुर्थीसारखी उघडी नव्हती. मध्ये पाणी होते, मोठ्या माणसांच्या गुडघ्यापर्यंत. मला वाटले अजून ओसरेल. ते ओसरले नाही. आई म्हणाली, "नको जाऊया." पण मामा म्हणाला, "गुडघाभर तर आहे." भावाला कडेवर घेऊन आम्ही गेलो. किल्ल्यात डबा खाल्ला, विहीर बघितली, तोफांजवळ फोटो काढले. यावेळी भावाला हवे तेवढे थांबायला मिळाले. परत निघालो तेव्हा अडीच वाजले होते.

मध्यावर आलो तर पाणी मामाच्या कमरेला लागले आणि माझ्या छातीला. लाट आली की पाय उचलले जात होते. किनारा समोर दिसत होता, माणसे दिसत होती, पण पुढे जाता येत नव्हते. पाणी समोरून येत नव्हते, बाजूने ढकलत होते. भाऊ बाबांच्या खांद्यावर होता आणि त्याने त्यांचे केस घट्ट धरले होते. मामेबहीण रडायला लागली. माझी एक चप्पल गेली. आईने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की त्याचा वळ रात्रीपर्यंत राहिला. मला ओरडावेसे वाटत होते पण आवाजच येत नव्हता.

किनाऱ्यावरचा एक घोडागाडीवाला काका पाण्यातून आमच्याकडे चालत आला. त्याने मला उचलले आणि सगळ्यांना म्हणाला, "माज्या मागं या, तिकडनं नको, तिकडं खोल हाय." त्याच्या मागे आम्ही बाहेर आलो. बाहेर आल्यावर तो रागावला. "भांगाच्या दिवशी कोन चालत जातंय? पोरं घेऊन?" मामा म्हणाला की चूक माझीच, मी त्यांना नेलं. मी काही बोलले नाही. मला माहीत होते चूक कोणाची.

रात्री मी आजोबांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला हिशेब पुन्हा करायला लावला. बाराला ओहोटी, सहाला भरती, तीनला निम्मे. सगळे बरोबर होते. मग आजोबांनी विचारले, "निम्मं, पण कुठून पुढे? गुडघ्याचं पाणी धरलंस का?" मी ते धरलेच नव्हते. माझ्या हिशेबात ओहोटी म्हणजे पाणी नाहीच, असे होते.

ते असे आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी खूप वर येते, पण ओहोटीला खूप मागेही जाते. अष्टमीच्या सुमाराला सूर्य एकीकडे आणि चंद्र काटकोनात दुसरीकडे ओढतो. ती भांगाची भरती. तेव्हा पाणी फार वर येत नाही आणि फार मागेही जात नाही. मला वाटायचे की भरती लहान म्हणजे समुद्र भित्रा, तेव्हा भीती नाही. किल्ल्यावर चालत जाणाऱ्याला उलट त्याच दिवशी वाट मिळत नाही.

सुट्टीनंतर बाईंनी आणखी एक सांगितले. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. चढायच्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. हाही अंदाजच आहे. आम्ही अडीचला निघालो म्हणजे तिसरा तास चालू होता, आणि पुढे चौथा. जास्तीत जास्त पाणी चढायच्या वेळेलाच आम्ही मध्यावर होतो. आणखी अर्धा तास तोफांजवळ थांबलो असतो तर, हे मी आईला सांगितले नाही.

आता माझ्या वहीत तिथी आणि वेळ यांच्या पुढे दोन रकाने वाढवले आहेत. एकात पाणी कुठपर्यंत मागे गेले ते लिहायचे, दुसऱ्यात किल्ल्यातून कधी निघायचे ते. त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी बांधापासून पाण्यापर्यंत पावले मोजायला सुरुवात केली होती, पण भावाने मध्येच शंख दाखवला, त्यात खेकडा होता, आणि मी आकडा विसरले. पुढच्या वेळी बाबा मोजणार आहेत.

येत्या माघी चतुर्थीला आम्ही पुन्हा जाणार. आजोबांनी मला विचारले आहे की किती वाजता निघायचे, आणि यावेळी तेही येणार आहेत.

तुमच्यासाठी एक उदाहरण देते. एकादशीला ओहोटी किती वाजता? पाणी किती मागे जाईल? आणि किल्ल्यातून कधी निघायचे? तिन्ही उत्तरे मला मधल्या सुट्टीत सांगा. एकच सांगितले तर चालणार नाही.

इयत्ता चौथी