गिरणी कामगाराचे खाते

मीरा-भाईंदरमधील विहारांत सतरंजी अंथरणारे, वर्गणीची वही चोख राखणारे निवृत्त गिरणी कामगार आपण सारे पाहतो. त्यांच्या जीवनाचा अभ्यास त्यांच्या खात्यापासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीचे विणकाम खाते बंद असे. त्यांच्या वाट्याला बहुधा सूतकताईच येई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोकपणे मांडला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारोंचा रोजगारच गेला. माजी विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना, ते आहेत तोवर, एवढे विचारून लिहून ठेवावे: तुम्ही कोणत्या खात्यात होता?