धक्क्यावरचा निरोप

[रेल्वे स्थानक, बंदर, विमानतळ ही प्रवासाची ठिकाणे आहेत. तेथून रोज हजारो माणसे येतात आणि जातात. इमारत सर्वांना सारखीच दिसते. पण तिच्याशी जोडलेली आठवण मात्र प्रत्येकाची वेगळी असते. या पाठातील मुलाला त्याचे नाना मुंबईतील अशी दोन ठिकाणे दाखवतात. नानांची एक जुनी आठवण ऐकून मुलाच्या मनातील रुसवा कसा दूर होतो, ते वाचा.]

दिवाळीच्या सुट्टीत मराठीच्या सरांनी आम्हांला एक निबंध लिहायला सांगितला होता. विषय होता, 'प्रवासाचे एक ठिकाण'. मी एक पुस्तक काढले, त्यातील बोरीबंदर स्थानकाची माहिती वहीत उतरवली आणि वही मिटून टाकली.

खरे म्हणजे त्या दिवसांत माझे कशातच लक्ष नव्हते. अब्बांना दुबईला नोकरी मिळाली होती. शुक्रवारी रात्री त्यांचे विमान होते. आता दोन वर्षे तरी ते घरी येणार नव्हते. पुढच्या वर्षी माझी दहावीची परीक्षा, त्या वेळी अब्बा घरी नसणार, याचा मला फार राग आला होता. "मी विमानतळावर येणार नाही," असे मी अम्मीला स्पष्ट सांगितले. अब्बांनी ते ऐकले. पण ते काहीच बोलले नाहीत. खाली मान घालून ते बॅग भरत राहिले.

नानांनीही ते ऐकले होते. माझे नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सारी उमर त्यांनी मुंबईच्या गोदीत काम केले. ते मला म्हणाले, "जरा तुझा निबंध वाचून दाखव."

मी वाचू लागलो :

"भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावली. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. गाडीला चौदा डबे होते आणि तीन इंजिने जोडली होती. त्या दिवशी सुमारे चारशे पाहुण्यांनी प्रवास केला. पुढे तेथे भव्य इमारत बांधण्याचे ठरले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा तयार केला. १८७८ मध्ये सुरू झालेले हे काम सुमारे दहा वर्षे चालले. या स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस असे नाव मिळाले. १९९६ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव देण्यात आले. २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. २०१७ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखले जाते."

नाना म्हणाले, "माहिती चांगली आहे. पण यात एकही माणूस नाही. माणसांशिवाय स्थानक कसले? उद्या सकाळी तयार राहा. आपण जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्थानकात पोहोचलो, तेव्हा एक लांब पल्ल्याची गाडी सुटायच्या बेतात होती. लाल सदरा घातलेला आणि दंडावर बिल्ला बांधलेला एक हमाल डोक्यावर दोन पेट्या घेऊन धावत होता. एक म्हातारी बाई खिडकीतून आपल्या मुलाला पाण्याची बाटली देत होती. बाटली देऊन झाली तरी तिने खिडकीचा गज सोडला नाही. गाडी हलली. चार पावले ती गाडीबरोबर चालली आणि मग थांबली. शेवटचा डबा निघून गेला तरी ती तेथेच उभी होती.

नाना हळूच म्हणाले, "या इमारतीवर दगडाचे मोर आहेत, सिंह आहेत, वाघ आहे. जगभरातून लोक ते पाहायला येतात. पण खिडकीत बसलेला तो मुलगा घराची आठवण काढील, तेव्हा त्याला यातले काय दिसेल? त्याला खिडकीच्या गजावरचा आईचा हात दिसेल."

स्थानकाबाहेर आल्यावर नानांनी मला समोरच्या रस्त्यापलीकडची हज हाउसची उंच इमारत दाखवली. ते म्हणाले, "पूर्वी हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात ते उतरत. एकाला पोहोचवायला सारे घर येई. समुद्राचा प्रवास अनेक दिवसांचा. निघताना प्रत्येक जण दुसऱ्याची माफी मागे, सांगितले-सवरलेले विसरून जा म्हणे. १९९५ मध्ये ही जहाजे बंद झाली. आता सर्व यात्रेकरू विमानाने जातात."

मग आम्ही टॅक्सीत बसलो. नानांनी टॅक्सीवाल्याला सांगितले, "भाऊच्या धक्क्यावर चला."

वाटेत मी विचारले, "नाना, येथे तर रेल्वे आहे. मग याला बोरीबंदर का म्हणतात?"

"कारण रेल्वेच्या आधी येथे बंदर होते. भराव घालून समुद्र मागे हटवला, पण नाव राहिले. 'बंदर' हा मूळ फारसी शब्द. तुला गंमत सांगतो. गोदीत माझ्याबरोबर साताऱ्याचे, रत्नागिरीचे, उत्तर भारतातले असे नाना ठिकाणचे लोक होते. पण आमची कामाची भाषा एक होती. जहाज, हमाल, मुसाफिर, तुफान हे शब्द अरबीतून आले. तुमच्या उर्दूत ते आहेत आणि मराठीतही आहेत. फारसी 'नाखुदा'चा मराठीत 'नाखवा' झाला. अरबी 'सुक्कान'चे 'सुकाणू' झाले. शब्दसुद्धा जहाजात बसून आले बघ! आणि आले ते येथलेच होऊन गेले."

थोड्याच वेळात माशांचा वास येऊ लागला. भाऊचा धक्का आला होता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे हा धक्का बांधणारे गृहस्थ. लोक त्यांना 'भाऊ' म्हणत. म्हणून हा भाऊचा धक्का झाला. मासळीच्या बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या. बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज येत होता. टोपल्या घेतलेल्या कोळणी मोठ्याने भाव करीत होत्या. पलीकडे उरणजवळच्या मोरा बंदराकडे जाणारी लाँच उभी होती. मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोटही येथूनच सुटते. २०२० मध्ये ती सुरू झाली. तिच्यात माणसांबरोबर मोटारीही जातात.

नाना एका खांबाजवळ थांबले. दोन्ही हात काठीवर ठेवून ते पाण्याकडे पाहू लागले.

"मी मुंबईत पहिले पाऊल येथे ठेवले," ते म्हणाले. "साल १९५२. मी अकरा वर्षांचा होतो. आमचे गाव दापोली तालुक्यात, हर्णै बंदराजवळ. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्णपणे सुरू झाली १९९८ मध्ये. रस्तेही धड नव्हते. मुंबईला यायचे तर आगबोटीने. मामू गोदीत नोकरीला होते. मला शिकायला मुंबईला न्यायचे त्यांनी ठरवले. मला मात्र गाव सोडायचे नव्हते."

"मग?"

"मी रुसलो. आईशी दोन दिवस बोललो नाही. माझे वडील तर आधीच वारले होते. मला दूर पाठवताना तिला काय वाटत असेल, याचा मी विचारच केला नाही. आणि तिला भीतीही वाटत होती. त्याच्या पाचच वर्षे आधी, १७ जुलै १९४७ रोजी, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली होती. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातली प्रत्येक आई त्यानंतर मुलाला बोटीत बसवताना मनातून घाबरत असे."

नाना क्षणभर थांबले. मग पुढे सांगू लागले.

"हर्णैला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात, सुवर्णदुर्गाच्या बाजूला उभी राही. उतारूंना लहान पडावात बसवून बोटीपर्यंत नेत. आई वाळूत उभी होती. तिने माझ्या हातात एक गाठोडे दिले. त्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुके बोंबील. मी गाठोडे घेतले आणि तसाच पडावात जाऊन बसलो. सलामसुद्धा केला नाही. पडाव निघाला. मामू म्हणाले, 'मागे बघ, आई हात हलवते आहे.' मी मान फिरवली नाही. सुवर्णदुर्गाकडे बघत राहिलो."

"रात्रभर बोट चालली. पहाटे येथे लागली. मला भूक लागली म्हणून मी गाठोडे सोडले. भाकऱ्यांच्या खाली एक लहान पुडी होती. तिच्यात चार आणे होते. आईने ते कधी बाजूला ठेवले होते, कोण जाणे! येथे, अगदी या जागी बसून मी रडलो. मनात म्हटले, सुट्टीत घरी गेलो की आईची माफी मागायची."

"मागितलीत?" मी विचारले.

"पुढच्या वर्षी मे महिन्यात मला ताप आला म्हणून जाता आले नाही. जुलैमध्ये तार आली. आई फार आजारी होती. पण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून कोकणच्या बोटी बंद ठेवत. नद्यांना पूर येऊन रस्तेही तुटत. मामूंनी फार धडपड केली, पण जाण्याची सोय झाली नाही. आठवड्याने दुसरी तार आली. बोटी सुरू झाल्यावर मी गावी गेलो, तेव्हा कबरीवर गवत उगवले होते."

एक लाँच भोंगा वाजवून सुटली. लाटांचे पाणी धक्क्याच्या पायऱ्यांवर आपटले. मला काय बोलावे ते सुचेना.

नानाच म्हणाले, "तेव्हापासून मी एक नियम केला. कोणालाही पोहोचवायला गेलो, की गाडी किंवा बोट दिसेनाशी होईपर्यंत जागचा हलत नाही. जाणारा मागे वळून पाहो किंवा न पाहो. त्याने पाहिले, तर त्याला कोणीतरी दिसले पाहिजे."

नाना अब्बांविषयी एक शब्दही बोलले नाहीत. आम्ही घरी परतलो.

शुक्रवारी रात्री बॅगा खाली नेताना मी अब्बांच्या हातातली जड बॅग घेतली. "मी येतो," एवढेच म्हणालो. विमानतळावर फार गर्दी होती. दारातून आत फक्त प्रवाशांनाच सोडतात. म्हणून सगळी घरे दाराबाहेरच निरोप देत होती. कोणी दुआ करीत होते, कोणी आईच्या पाया पडत होते, कोणी कडेवरच्या बाळाचा हात हलवीत होते. मला बोरीबंदरची म्हातारी बाई आठवली.

"अब्बा, मी त्या दिवशी चुकीचे बोललो," मी म्हणालो. अब्बांनी मला जवळ घेतले. ते म्हणाले, "अभ्यास कर. अम्मीला त्रास देऊ नकोस." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

ते आत गेले. काचेतून त्यांची निळी बॅग दिसत होती. रांग पुढे सरकत होती. अम्मी म्हणाली, "चल, उशीर झाला." मी म्हणालो, "थोडे थांबू या."

रांगेच्या टोकाला पोहोचल्यावर अब्बांनी मागे वळून पाहिले. मी दोन्ही हात वर करून हलवले.

घरी आल्यावर मी निबंधाची वही उघडली. जुने पान तसेच ठेवले, कारण त्यातील माहिती खरी होती. पुढच्या कोऱ्या पानावर मी नवीन निबंध सुरू केला. पहिले वाक्य लिहिले, 'भाऊच्या धक्क्यावर एक खांब आहे. त्याच्याजवळ १९५२ साली एक मुलगा बसला होता.'

शब्दार्थ

धक्का – बोट लागण्यासाठी किनाऱ्यावर बांधलेली जागा
निरोप देणे – जाणाऱ्याला रुखसत करणे
रुसवा – नाराजी
भराव – समुद्रात माती व दगड टाकून तयार केलेली जमीन
आराखडा – नकाशा
उतारू – मुसाफिर
पडाव – उतारू व सामान नेणारी लहान होडी
नाखवा – होडीचा प्रमुख
सुकाणू – होडीची दिशा बदलण्याचे साधन
गाठोडे – गठरी
दिसेनासे होणे – नजरेआड होणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी कोठून कोठे धावली?
(आ) भाऊच्या धक्क्याला हे नाव कशामुळे मिळाले?
(इ) हर्णैला उतारू आगबोटीपर्यंत कसे जात?
(ई) गाठोड्यात भाकऱ्यांच्या खाली काय होते?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) मुलाने विमानतळावर जायला नकार दिला.
(आ) नानांच्या आईला बोटीच्या प्रवासाची भीती वाटत होती.
(इ) तार मिळूनही नाना गावी जाऊ शकले नाहीत.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नानांनी कोणता नियम केला? का केला?
(आ) 'माणसांशिवाय स्थानक कसले?' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
(इ) मुलाने जुना निबंध फाडून का टाकला नाही?

प्रश्न ४. भाषाभ्यास.
(अ) 'धक्का' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन्ही अर्थांनी एकेक वाक्य तयार करा.
(आ) उर्दूत 'जहाज' हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे (ते जहाज). पुढील शब्दांचे मराठीतील लिंग ओळखा : बंदर, सामान, हमाल, होडी, तार.
(इ) उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या पहिल्या मोठ्या प्रवासाविषयी विचारा. ते कोठून निघाले, पोहोचवायला कोण आले होते, हातात काय दिले, ते दहा ओळींत मराठीत लिहा.