एका वेळी एकच किलो

घरी स्ट्रॉबेरीचा जॅम करायला लागून मला बारा वर्षं झाली. मार्चमध्ये पाचगणीच्या मावशीकडून फळं येतात आणि पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात चार दिवस दुसरा विषय नसतो. सासूबाई साखरांबा आणि पेरूची जेली फार सुरेख करायच्या. त्यांच्या हाताखाली पाक ओळखायला शिकले होते, म्हणून जॅमही जमेल असं वाटलं होतं. तो जमायला तीन मोसम गेले. त्यातून जे हाती लागलं, ते लिहून ठेवते आहे.

१. फळ मार्चचं घ्यावं.
महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यात सप्टेंबरच्या सुमाराला लागण होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात फळ सुरू होतं. सुरुवातीची स्ट्रॉबेरी मोठी, देखणी आणि महाग. ती नुसतीच खावी. मार्चमध्ये माल भरपूर येतो, भाव उतरतो, फळ लहान होत जातं. शेतकरी लहान आणि वेडीवाकडी फळं बाजूला काढतात. जॅमसाठी मला तीच आवडतात. मात्र मऊ पडलेलं किंवा बुरशीचा डाग असलेलं एकही फळ पातेल्यात जाऊ देऊ नये. आणि स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी, देठ नंतर काढावेत. आधी काढले की फळ पाणी पितं, आणि तेच पाणी पुढं आपल्याला आटवत बसावं लागतं.

२. एका वेळी एकच किलो.
पहिल्या वर्षी पाच किलो फळं चिवड्याच्या मोठ्या पातेल्यात एकदम घातली. सव्वा तास ढवळत होते. रस आटेना, आटला तेव्हा रंग विटकरी झाला होता आणि वास गुळाच्या काकवीसारखा येत होता. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, फळ केव्हाच शिजलं. आता तू नुसतं पाणी उडवते आहेस." त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. फळ जास्त, भांडं खोल, म्हणून वाफ निघून जायला वाव कमी. तेवढा वेळ फळ विस्तवावर राहतं. लांबलेल्या शिजवण्यानं रंग आणि सुवास जातो, पण तेवढ्यावर भागत नाही. जॅम ज्याच्यामुळे धरतो ते फळातलं पेक्टिनही फार उकळल्यावर मोडतं. म्हणजे जॅम धरत नाही म्हणून आणखी आटवावा, तर तो धरण्याची शक्यता आणखी कमी होत जाते. आता पसरट, जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात एकच किलो घेते. साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग मोठी. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं आणि रंग लाल राहतो. पाच किलो असतील तर पाच घाणे करावेत. कंटाळा येतो, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

३. रात्री साखरेत ठेवावं.
एक किलो फळाला पाऊण किलो साखर आणि दोन कागदी लिंबांचा रस. रात्री कालवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी फळं आपल्याच रसात तरंगत असतात. पाण्याचा थेंब घालावा लागत नाही आणि साखर बुडाला लागत नाही.

४. लिंबाला सुट्टी देऊ नये.
स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी. पेरूत भरपूर, म्हणून सासूबाईंची जेली नुसत्या गाळलेल्या पाण्याची असूनही सुरीनं कापता यायची. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर, तिन्हींचं प्रमाण जुळलं तरच जॅम धरतो. मी दोन गोष्टी करते. किलोमागं पावभर फळं जरा करकरीत, टोकाला पांढरट असलेली घेते, कारण पेक्टिन अर्धकच्च्या फळात जास्त असतं. आणि लिंबाच्या बिया मलमलीच्या पुरचुंडीत बांधून शिजताना आत सोडते. बियांतही पेक्टिन असतं. लिंबाचा आणखी एक उपकार म्हणजे त्यामुळे जॅममध्ये साखरेचे खडे बनत नाहीत. एका वर्षी फळं आंबट होती म्हणून लिंबू कमी घातलं. जॅम मे महिन्यापर्यंत सरबतासारखा वाहत राहिला.

५. थर्मामीटर गावानुसार वाचावा.
ही चूक मला सगळ्यात महाग पडली. पुस्तकात वाचलं होतं की जॅम १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो. त्या वर्षी मावशीकडेच, पाचगणीत, ताजी फळं घेऊन जॅम करायला बसले. काटा १०० वर आला आणि तिथंच रेंगाळला. मी १०५ ची वाट पाहत राहिले. मावशी दोनदा म्हणाली, "उतरव गं बाई, दाटलाय," तरी ऐकलं नाही. गार झाल्यावर त्यात चमचा उभा राहिला आणि दाताला चिक्कीसारखा चिकटला. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडा झाला. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. पाचगणीची उंची साधारण १३०० मीटर, तिथं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पुण्यात ते ९८ च्या जवळ उकळतं. जॅम पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साडेचार-पाच अंश वर गेला की तयार. म्हणजे पाचगणीत १००, पुण्यात १०३, मुंबईत १०५. तेव्हापासून आधी नुसतं पाणी उकळून आपल्या थर्मामीटरवर आकडा पाहते आणि मगच फळाला हात लावते.

६. बशी आणि तराजू.
थर्मामीटर नसला तरी अडत नाही. दोन बश्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. जॅमचा थेंब गार बशीवर टाकून मिनिटभरानं बोटानं ढकलावा. वरच्या पापुद्र्याला सुरकुती पडली की गॅस बंद. बशी पाहताना आच बारीक करावी, नाहीतर तेवढ्यात जॅम पुढं जातो. इथं पाकाची सवय घात करते: साखरांब्याचा एकतारी-दोनतारी हिशेब जॅमला लावू नये. दुसरी कसोटी वजनाची. रिकामं भांडं आधी मोजून ठेवावं. किलोभर फळ आणि पाऊण किलो साखर आटून सव्वा किलोवर आली की त्यात साधारण ६५ टक्के विद्राव्य घटक उरतात. बाजारच्या जॅमसाठी आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत घातलेली अट तेवढीच आहे. त्याच नियमांत इतर बहुतेक फळांच्या जॅमला किमान ४५ टक्के फळ लागतं, स्ट्रॉबेरीला मात्र २५ टक्के चालतं. घरच्या सव्वा किलो जॅममागं अख्खं किलोभर फळ असतं. चवीतला फरक तिथून येतो.

७. साखर कमी केली तर जॅम फ्रिजमध्ये.
घरात मधुमेह आल्यावर एकदा निम्मी साखर घातली. चव छान होती, पण तीन आठवड्यांत वर बुरशी आली. साखर गोडीसाठी असते तशी टिकवण्यासाठीही. ती पाणी धरून ठेवते, म्हणून जंतूंना ते मिळत नाही. कमी साखरेचा करायचा तर छोट्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आणि दोन आठवड्यांत संपवायचा. बुरशी दिसली की वरचा थर काढून बाकीचा खाऊ नये, बाटलीच टाकून द्यावी. जीव तुटतो, तरी टाकावी.

८. बाटल्या.
दहा मिनिटं उकळलेल्या, कोरड्या, आणि गरम असतानाच भरायच्या. त्याआधी वरची मळी काढून जॅम दहा मिनिटं भांड्यातच ठेवावा, म्हणजे फळाचे तुकडे सगळे वर गोळा होत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नये, आंबट रस त्याला धरतो. आणि ओला चमचा कुणालाही घालू देऊ नये.

९. करवंदांसाठी जागा ठेवावी.
स्ट्रॉबेरी संपता संपता डोंगरची काळी मैना येते. करवंदात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही अंगचेच, त्यामुळे लिंबाची गरज नाही आणि जॅम पंधरा मिनिटांत धरतो. बिया गाळण्याचं काम तेवढं किचकट. माझ्या मते आपल्या मातीतला सगळ्यात चांगला जॅम हाच, पण तो बाजारात क्वचितच दिसतो, म्हणून घरी करायलाच हवा.

भिलारला पुस्तकांचं गाव बघायला गेलात तर परतताना रस्त्याकडेच्या शेतावर थांबा. मांडून ठेवलेल्या मोठ्या फळांच्या डब्या राहू द्या. शेतकऱ्याला बाजूला काढलेली लहान फळं मागा, दोन किलो घ्या, आणि घरी आल्यावर एक-एक किलोच शिजवा.