हायड्रोजनच्या पंपाचं बिल कुणाच्या नावावर?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. हायड्रोजनवर चालणारी जुनी गाडी त्याला फार स्वस्तात मिळते आहे, पण पंप मोजकेच आहेत म्हणतो. पेट्रोलचे पंप कंपन्यांनी आपणहून काढले, मग हायड्रोजनचे का काढत नाहीत? आणि जे आहेत त्यांचे पैसे कुणी भरले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर गमतीचं आहे. भाचा तिथे आधीपासून पेट्रोलची गाडी चालवत असेल, तर थोडे पैसे त्यानेच भरलेत. कॅलिफोर्नियात गाडीची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. त्या शुल्कातला, धूरनियंत्रणाच्या शुल्कातला, इतकंच काय, होड्यांच्या नोंदणीतलाही काही वाटा राज्याच्या स्वच्छ वाहतुकीच्या निधीत जातो. २०१३ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केलेल्या कायद्याने त्या निधीतून वर्षाला दोन कोटी डॉलरपर्यंत रक्कम हायड्रोजन पंपांसाठी काढायची सोय झाली, १०० पंप होईपर्यंत. म्हणजे रविवारी होडी घेऊन मासे धरायला जाणाऱ्यानेही या पंपांना हातभार लावला. त्याला कुणी विचारलं होतं असं वाटत नाही.

आता पेट्रोलचं. १८८८ मध्ये बर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी निघाल्या. वाटेत इंधन संपलं, तेव्हा वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेऊन त्यांनी ते टाकीत ओतलं. पेट्रोलची सुरुवात अशी फुकटात झाली. दुकान आधीच होतं आणि माल बाटलीत मावत होता. हायड्रोजन बाटलीत मावत नाही. आपल्याकडच्या रिक्षात सीएनजी साधारण २०० बार दाबाने भरतात; या गाडीत हायड्रोजन ७०० बारने भरावा लागतो. भरताना तो तापतो, म्हणून आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करायचा. हवा दमट असेल तर नॉझलवर बर्फ धरतो, नॉझल गाडीलाच चिकटून बसतं आणि गाडी भरून झाली तरी ते सुटेपर्यंत मालक हात चोळत उभा. एवढी सामग्री उभी करायला एका पंपामागे वीसेक लाख डॉलर सहज जातात, आणि पहिल्या दिवशी रांगेत गाड्या चार.

आपल्याकडे म्हणतात ना, वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही आणि लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही, तसं हे त्रांगडं. ते सोडवायला कॅलिफोर्नियाने २०१९ पासून आणखी एक शक्कल लढवली. पंपाला किती हायड्रोजन विकला एवढ्यावरच नाही, तर किती विकण्याची क्षमता आहे त्यावरही कार्बनचे क्रेडिट द्यायचे. गिऱ्हाईक येवो न येवो, दुकान उघडं ठेवल्याबद्दल मोबदला! हे क्रेडिट तेल कंपन्या विकत घेतात आणि त्यांचा खर्च पेट्रोलच्या भावात उतरतो. बोजा फिरून पुन्हा पेट्रोलवाल्यावरच.

माझ्या मते गाडं इथेच रुतलं. २०२० च्या सुमारास २०० डॉलरच्या घरात असलेला क्रेडिटचा भाव पुढे निम्म्याहूनही खाली आला. पंपांचा आधार गेला आणि जे गिऱ्हाईक होतं त्याच्याच गळ्यात बिल पडलं. २०२३ मध्ये काही पंपांवर किलोचा भाव ३६ डॉलरवर गेला. टोयोटाच्या मिराईत ५.६ किलो मावतो, म्हणजे टाकी भरायला २०० डॉलर. तेवढ्यात गाडी कंपनीच्या आकड्यानुसार साडेसहाशेच्या आत-बाहेर किलोमीटर जाते. तेवढंच अंतर पेट्रोलवर साठ-सत्तर डॉलरमध्ये होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत शेलने तिथले मोटारींचे आपले सातही पंप बंद केले. ते १०० पंप काही झाले नाहीत.

आपल्याकडे नितीन गडकरी २०२२ मध्ये मिराईतून संसदेत आले तेव्हा फोटो खूप निघाले. पण सरकारने पैसे मोटारींवर लावले नाहीत, हे बरं केलं. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या प्रायोगिक प्रकल्पांत ३७ बस आणि ट्रक, ९ पंप आणि सुमारे २०८ कोटी रुपये आहेत. ठरलेल्या मार्गांत पुणे–मुंबईही आहे. बस रोज त्याच वाटेने जाते आणि रात्री डेपोत परतते. पंप एक असला तरी त्याचं गिऱ्हाईक बांधलेलं. पैसे इथेही करदात्याचेच, पण निदान यंत्र रिकामं बसणार नाही.

भाच्याच्या गाडीबद्दल. त्याला आधी फोनवर पंपांचा चालू-बंद नकाशा आठवडाभर रोज बघायला सांगा. घराजवळचा पंप त्यात किती वेळा बंद दिसतो ते मोजू दे. आणि दुसरं, टोयोटा नव्या मिराईबरोबर तीन वर्षं किंवा १५,००० डॉलर, यातलं जे आधी संपेल तिथपर्यंत इंधनाचं कार्ड देत असे. ही गाडी त्यातली असेल, तर मालकाने कार्ड संपल्यावरच विकायला काढली का, एवढं जरूर विचारावं.