देवाच्या ग्रंथात तराजू कशाला?

प्रश्न : मी मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहितो. एका स्नेह्यांनी बायबलमधला जुना करार वाचायला दिला. त्यात देव चक्क खोट्या तराजूवरून आणि धान्याच्या मापावरून रागावतो. धर्मग्रंथात बाजाराची भानगड कशी आली? लोक बिघडले म्हणजे परक्या देवांना भजू लागले, एवढाच त्याचा अर्थ ना?
— एक वाचक, धर्माबाद

उत्तर : तुमची बैठक काट्याजवळ, म्हणूनच ही जागा तुमच्या नजरेतून सुटली नाही. तुम्ही वाचलेलं प्रकरण बहुधा आमोसच्या पुस्तकातलं असावं. आमोसला संदेष्टा म्हणतात. पुष्कळांना संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा वाटतो. तुमच्या भागात 'नबी' हा शब्द सगळ्यांच्या कानावरचा आहे. हिब्रूतला 'नावी' त्याचाच भाऊबंद. देवाच्या वतीने बोलणारा, हा त्याचा अर्थ. पुढे काय होईल हे तो सांगतो खरा, पण आधी आज काय चाललंय ते सांगतो.

आमोस इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा. मेंढरं राखायची आणि उंबराच्या जातीची झाडं सांभाळायची, हा त्याचा व्यवसाय. तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला तेव्हा तिथे दुसऱ्या यराबाम राजाची भरभराट चालू होती. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर आमोस तुटून पडतो. ही अतिशयोक्ती नव्हे. शोमरोन या राजधानीच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरोखरच सापडले आहेत.

मग गरीब कुठे होता? शेत वाडवडिलांचं, ते कुळातच राहावं, असा तिथला दंडक होता. पण पीक बुडालं की कर्ज, कर्जापायी अंगावरचं वस्त्र गहाण, मग शेत, आणि शेवटी माणूस स्वतःच. सावकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ही उतरंड समजावून सांगायला नको. त्यांच्या नियमशास्त्राने इथे एक अडसर घातला होता. गरिबाचं वस्त्र गहाण घेतलंत, तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण रात्री पांघरायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. आमोसला दिसतं ते असं, की गहाणाची तीच वस्त्रं अंथरून लोक वेदीशेजारी पहुडले आहेत. पूजा चालू आहे, आणि कुणीतरी थंडीत कुडकुडतो आहे. जोडाभर वहाणांसाठी गरीब विकला जातो, असंही तो म्हणतो.

आता तराजू. व्यापारी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळतात. दुकान बंद ठेवतात. पण हा दिवस संपतो कधी आणि धान्य विकायला काढतो कधी, असं त्यांना झालेलं असतं. एफा हे धान्याचं माप ते लहान करतात आणि शेकेल हे वजन जड करतात. दोन्ही एकदम कशाला? तेव्हा नाणी नव्हती, गिऱ्हाईक चांदी तोलून देई. म्हणजे धान्य देताना माप लहान, चांदी घेताना वजन जड. एकाच सौद्यात दोनदा लूट. वर गव्हात मातेरं मिसळायचं ते वेगळंच. वजनं दगडाची असत. यहूदातल्या उत्खननांत असे घुमटाकार दगड मिळाले आहेत. एक शेकेल साधारण 11.3 ग्रॅमचा भरतो. पिशवीत एक जड आणि एक हलका असे दोन दगड बाळगू नका, असं जुन्या करारातल्याच 'अनुवाद' या पुस्तकात बजावलं आहे. दगड दोन होते, म्हणून तर हा नियम करावा लागला. आपण ज्याला 'मापात पाप' म्हणतो, ते हेच.

परक्या देवांवरचा राग या ग्रंथांत आहेच, पण अधोगती तेवढीच नाही. नाबोथची गोष्ट घ्या. इस्राएलच्याच अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. वडिलोपार्जित जमीन विकणार नाही, असं नाबोथ म्हणाला. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथ दगडांखाली मेला, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. अहाब बआल देवाला भजत होता, हे त्याच ग्रंथात आहे. तरीही एलीया संदेष्टा मळ्यात त्याला गाठतो, तेव्हा पहिला जाब विचारतो तो खुनाचा आणि जमिनीचा.

यावरून यहुदी समाजच तेवढा वाईट होता, असा निष्कर्ष काढू नका. स्वतःवरचे हे आरोप त्यांनीच लिहून जपले आणि पूजेत वाचले. प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशीही यशया संदेष्ट्याचं जे प्रकरण वाचतात, ते विचारतं की भुकेल्याला घास दिला नाहीत तर तुमच्या उपासाचं काय करू? आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. गावाने त्यांना नावच दिलं, शनवार तेली. हिब्रू ग्रंथ हाताशी नसतानाही त्यांनी हा दिवस सोडला नाही. आमोसच्या त्या उतावळ्या व्यापाऱ्यांशेजारी हा थांबलेला घाणा ठेवून पाहिला, की शब्बाथ कशासाठी होता ते मला जास्त कळतं.

मराठीत वाचायचं तर पंडिता रमाबाईंचंही भाषांतर आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून ते केलं; 1922 साली त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आमोसचे अध्याय नऊच आहेत. सुरुवातीचे दोन एका बैठकीत, मोठ्याने वाचा. आधी तो दमास्कस, गाझा, सोर अशा शेजाऱ्यांचे अपराध मोजतो. ऐकणारे माना डोलावत असतील. मग स्वतःच्या यहूदाचे. आणि मग समोर बसलेल्या इस्राएलचे, सगळ्यांत लांबलचक. बेथेलचा पुजारी अमस्या यावर त्याला काय म्हणाला, ते सातव्या अध्यायात सापडेल.