तोफा गडगडत होत्या, तास चालू होता

मुक्ता : बाहेर लढाई आणि आत अर्थशास्त्राचा तास? आत्या, ही दंतकथा असणार.

आत्या : अगं, तो तास घेणाऱ्या फुकुझावा युकिचीनं आत्मचरित्रातच लिहिलंय. 1868 साल. शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता गेलेली, पण एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, उएनोच्या टेकडीवर त्याचे उरलेसुरले पाठीराखे नव्या सरकारच्या फौजेशी लढत होते. आणि हा गडी तिथून काही मैलांवर वेलंड नावाच्या अमेरिकी लेखकाचं पुस्तक शिकवत बसलेला. पोरं मधेच शिडी लावून छपरावर चढायची आणि धूर बघून यायची! त्याच्या शाळेतून वाढलेल्या केइओ विद्यापीठात दर 15 मे रोजी त्या तासाची आठवण अजून जागवतात.

मुक्ता : म्हणजे स्थापना 1868 ची?

आत्या : केइओ हे नाव त्या वर्षीचं. शाळा 1858 ची. तेव्हा हा 23 वर्षांचा, खालच्या दर्जाच्या सामुराईचा मुलगा, आणि शिकवायचा डच. कारण जपानशी व्यापाराची मुभा युरोपियनांपैकी फक्त डचांना होती. पुढच्याच वर्षी योकोहामा बंदर खुलं झालं. हा पायी तिथं पोचला, तर दुकानांच्या पाट्या वाचता येईनात, बाटल्यांवरची लेबलं कळेनात. सगळं इंग्रजीत! वर्षानुवर्षांची डचची घोकंपट्टी पाण्यात. मग पुन्हा श्रीगणेशा. 1860 मध्ये तो अमेरिकेला गेला, 1862 मध्ये युरोपला.

मुक्ता : पण या एका शाळेनं देश बदलला म्हणतात, तो कसा?

आत्या : एकटीनं नाहीच. मला विचारशील तर तोफांच्या तासापेक्षा फीचा किस्सा मोठा.

मुक्ता : फीचा?

आत्या : त्या काळी शिष्य गुरूला मानधन द्यायचे ते सजवलेल्या कागदात गुंडाळून, भेट म्हणून. यानं ठरावीक मासिक फी लावली. कुणी कागदात गुंडाळून आणलीच, तर पैसे मोजायला अडचण होते म्हणून तो कागद परत! शिकवणं हेही काम, कामाचा मोबदला घ्यायचा, कुणाचे उपकार नकोत. सरकारनं बोलावलं तरी तो नोकरीत गेला नाही. 1877 मध्ये निघालेल्या सरकारी टोकियो विद्यापीठातून अधिकारी तयार झाले; केइओची पोरं मित्सुई, मित्सुबिशीसारख्या खासगी उद्योगांत शिरली. मित्सुई बँकेची घडी बसवणारा नाकामिगावा तर फुकुझावाचा भाचाच.

मुक्ता : वशिला!

आत्या : म्हण हवं तर. आणि 1875 मध्ये फुकुझावानं टोकियोतल्या मिता इथं भाषणांसाठी सभागृह बांधलं. चारचौघांत उभं राहून मत मांडायचं, समोरच्यानं ते खोडायचं, याची तालीम तिथं व्हायची. ते लाकडी सभागृह अजून उभं आहे.

मुक्ता : इतका चांगला माणूस?

आत्या : थांब. 1885 मध्ये त्याच्याच वर्तमानपत्रात एक बिननावाचा अग्रलेख आला. तो त्याचाच समजतात. चीन-कोरियाची संगत सोडा, पाश्चात्त्यांच्या पंगतीला बसा, असा त्याचा सूर. पुढच्या साम्राज्यवादाचं मूळ काही अभ्यासक त्यात शोधतात, काहींना तो कोरियातल्या सुधारकांचा 1884 चा उठाव फसल्याचा वैताग वाटतो. मला तो नुसता वैताग वाटत नाही.

मुक्ता : कोरियाशी त्याचा काय संबंध?

आत्या : त्या सुधारकांना त्याचाच पाठिंबा होता. आणि 1881 मध्ये कोरियातून शिकायला आलेली पोरं त्यानं केइओत घेतली होती. त्यांतला यू किल-चुन तर त्याच्या घरीच राहायचा.