मालडोंगरीची रात्र

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अथांग सागर, नारळीची बने आणि फुटक्या गलबतातून वाचलेला एखादा नाविक उभा राहतो. परंतु सागरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यातही एक बेट आहे, हे किती मुलांना ठाऊक असेल? नकाशा उघडून पाहा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून जाते आणि अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध त्याच्या दक्षिणेस आहे. तेव्हा भूगोलाच्या भाषेत हे बेटही उष्ण कटिबंधातीलच! नारळी तेवढ्या नाहीत.

या बेटाचे नाव मालडोंगरी. ते सागराने घडविले नाही, माणसाने घडविले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या कर्त्या पुरुषाने डोंगरांमधील वाट अडवून मातीचा बांध घातला. पावसाचे पाणी साठले, सखल भूमी बुडाली, आणि जो उंचवटा वर राहिला तो बेट झाला. तलावाचा विस्तार सुमारे 11 चौरस किलोमीटर आहे. यंत्रे नव्हती, सिमेंट नव्हते. कुदळ, टोपली आणि पाण्याच्या उताराची अचूक जाण, एवढ्याच बळावर कोहळी लोकांनी या भागात असे कितीतरी तलाव बांधले व त्यांवर धान आणि ऊस पिकविला. तलावाभोवतीच्या डोंगरांना लोक ‘सातबहिणी’ म्हणतात. त्यांनीच बांध पुरा करण्यास साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील पुढे लोकांचा ‘कोलासुर’ देव झाला. तलाव बांधणारा देव व्हावा, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

1973 सालच्या नाताळच्या सुटीत आम्ही पाच मित्र हे बेट पाहावयास निघालो. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. आमचे वय तेरा-चौदा वर्षांचे. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीने आम्ही देवलगावला उतरलो व तेथून पायी नवेगाव गाठले. एका मित्राचे मामा तेथे राहत. त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध ढिवराने आम्हांला बेटावर नेण्याचे कबूल केले. आम्ही त्यांना ‘बाबा’ म्हणत असू. त्यांनी दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून घेतले. डोंगा म्हणजे एकाच झाडाचे खोड कोरून केलेली होडी. तिच्या कडा पाण्यापासून वीतभरच उंच असतात.

सकाळ फार सुंदर होती. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी तुरुतुरु पळत होते. या पक्ष्यांत अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नर करतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. दूर पट्टकादंब हंसांचा थवा बसला होता. हे हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा घालविण्यास येतात. आमचा डोंगा जवळ जाताच सारा थवा उठला. पंखांच्या आवाजाने आम्ही बोलणेच विसरलो.

बेटावर आम्ही शिदोरी सोडली, झाडांवर चढलो, पाणकावळे न्याहाळले. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळवंडले. वारा सुटला. जे पाणी सकाळी आरशासारखे होते, ते आता बांधाच्या दिशेने उसळू लागले. आम्ही घाईघाईने डोंग्याकडे धावलो. बाबा मात्र काठावर बसून स्वस्थपणे पाण्याकडे पाहत होते.

“आता जायचे नाही,” ते म्हणाले.

आम्ही विनवण्या केल्या. संध्याकाळी परतण्याचे वचन मामांना दिले होते. आमच्यातील एकजण उत्तम पोहणारा होता. तो सदरा काढून म्हणाला, “मी पोहून जातो आणि निरोप सांगतो.” बाबांनी त्याचा दंड घट्ट धरला. पाण्याखालून त्यांनी वेलींचा एक झुबका उपसून त्याच्या हाती दिला. ते वेल दोरासारखे चिवट होते. “हे पायाले गुंडाळलं तर पट्टीचा पोहणाराही बुडते. अन् लाट डोंग्यात आली तर पाचही जण जाल. तुमच्या मायबापाले मी तोंड कसं दाखवू?”

यावर कोणी काही बोलले नाही. पोहणारा मित्र रागाने दूर जाऊन बसला.

अंधार पडला, पावसाची एक सर आली. बाबांनी डोंगे ओढून पालथे घातले व कोरडा पालापाचोळा त्यांच्याखाली आधीच सारून ठेवला होता, तो काढला. काठालगत त्यांनी एक नव्हे, दोन शेकोट्या पेटविल्या. दोन कशाला, असे विचारता ते म्हणाले, “एक शेकोटी कोणीही पेटवते. दोन दिसल्या म्हणजे गाववाले समजतील, मुद्दाम पेटवल्या आहेत.” आम्ही पैलतीराकडे डोळे लावून बसलो. किती वेळ गेला कोण जाणे! अखेर बांधावर एक कंदील दिसला. तो डावीकडे-उजवीकडे तीन वेळा हलला. आमचा पोहणारा मित्र तेव्हा प्रथम शेकोटीजवळ आला.

उरलेल्या दोन भाकरी सहा जणांत वाटल्या. थंडीने दात वाजत होते. मध्यरात्रीनंतर वारा पडला, तारे दिसू लागले. तरीही बाबांनी डोंगा सोडला नाही. पाण्यात बुडालेली खोडे अंधारात दिसत नाहीत. पूर्व उजळली, हंस बोलू लागले, तेव्हाच आम्ही निघालो.

पुढे 1975 साली या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी येथे राहिले. त्यांचे ‘नवेगाव बांधचे दिवस’ हे पुस्तक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असल्यास अवश्य वाचा.

त्या सकाळी तीरावर मामा, गावातील चार माणसे आणि बाबांची वृद्ध पत्नी उभी होती. आम्हांला कोणीच रागावले नाही. आजीबाई मात्र बाबांवर कडाडल्या, “पोरं उपाशी राहिली ना रात्रभर! जाताना टोपलीभर भाकरी नेता येत नव्हत्या?” लाटांपुढे न डगमगलेले बाबा खाली मान घालून मुकाट्याने डोंगा बांधू लागले.